सहा ते अकरा

अर्धा दिवस. सहा ते अकरा. माणशी सातशे.
डोंगा आमचा, गळ तुमचा, चहा दोनदा.
फोनवर हे सगळं मी बोलतो.
बाबा बोलत नाही. बाबा बांबू टेकवतो गाळात
आणि तलाव मागे सरकतो.

पोळ्याला आठ दिवस होते.
नागपूरचे पिंपळापुरे साहेब पाळीवर उतरले
तेव्हा अंधारात आधी टोपी दिसली,
मग काळी चकचकीत काठी, मग एक डबा,
कप्प्याकप्प्यात निजलेले रबरी बेडूक,
हिरवे, पिवळे, एक तर जांभळा.
बाबाने जांभळा उचलला, पोट दाबून पाहिलं.
"हा कोनत्या देशात रायते जी?"
आणि परत ठेवला,
दुसऱ्याचं लेकरू खाली ठेवावं तसा.

साहेबांना मरळ पाहिजे होती.
मोठी. फोटो काढणार, सोडून देणार.
सोडून देणार, हे बाबाला दोनदा सांगावं लागलं.
"मंग धरता काहून?"
साहेब हसले.
मीही हसलो, सातशेचं हसू.

सात वाजता देवधानाच्या कडेला काहीतरी हिसकलं, सुटलं.
आठ वाजता काही नाही.
साडेआठला पाणकावळा समोरच बुडाला
आणि चोचीत चमकतं काहीतरी घेऊन वर आला.
साहेब त्याच्याकडे बघत राहिले,
बँकेच्या रांगेत मागच्याचं काम आधी झाल्यासारखे.

ती कुठे आहे हे मला माहीत होतं.
जुन्या तुडुमाजवळ, बेशरमाच्या झुडपाखाली,
चार दिवस पाण्यावर एक लालसर डाग उकळत होता,
सुपाएवढा.
सगळी पिल्लं. शेकडो.
त्यांच्या खाली ती, हातभर लांब.
तिथे बेडूक टाकला की ती येतेच.
भुकेने नाही.
ती हाकलायला येते,
आणि हाकलायला तिच्याजवळ तोंडच आहे.

तिकडे घे, मी बोट दाखवलं.
बाबाने बांबू उपसला, गाळ निथळू दिला.
"तिकडं गाद हाय. डोंगा फसते."
गाद नव्हती. काल आम्ही तिथूनच आलो होतो.
पण डोंगा वळला, इतका हळू
की साहेबांना वाटलं वाराच बदलला.

मी सातवीत होतो तेव्हा
आईला भंडाऱ्याला भरती केलं होतं.
त्या रात्री तुडुमाजवळ टॉर्च मी धरली होती.
साडेतीन किलो भरली. पैसे तिथेच मोजून मिळाले.
दुसऱ्या दिवशी लाल डाग पातळ होत होत
अख्ख्या कोपऱ्यात पसरला,
आणि बगळे चालत आले.
घाईत नव्हते ते.
आई घरी आली. आम्ही कधी काही बोललो नाही.

दहा पन्नासला एक शिंगटा लागला,
वीतभर, मिशा हलवत कर्र कर्र करणारा.
साहेबांनी हात लांब करून फोटो काढला
म्हणजे तो मोठा दिसेल.
मग सोडला.
शिंगटा क्षणभर तिथेच थांबला,
मोकळं झाल्याचं कुणी सांगितलं नव्हतं त्याला.
बाबा वाकून बघत होता तो जागचा हलेपर्यंत.

जाताना साहेबांनी आठशे दिले,
आणि जांभळा बेडूक. "ठेव, इस्तारीचा पोरगा ना तू."
त्याच्या पोटाखाली दोन आकडे लपलेले असतात.
दाबलं की बाहेर येतात.

संध्याकाळी मी पाळीवर उभा होतो, खिशात बेडूक.
डाग थोडा डावीकडे सरकला होता,
लालीत आता मातकट रंग.
अजून आठवडा, फार तर दहा दिवस.
बाबा डोंग्यातलं पाणी टमरेलाने उपसत होता,
आणि फोन वाजला. तुमसरचे दोघं, उद्याचे.

"मोठी आहे का?"
आहे, म्हणालो.
"कोणत्या बाजूला?"

टमरेलाचा आवाज थांबला.
बांबू पाळीवर आडवा पडला होता,
त्याच्या टोकावरचा गाळ
वाळून पांढरा झाला होता.