शुक्रवारचं काळीज

अ‍ॅशिंग्टनच्या खाणी मिटून कितीतरी वर्षं झाली,
तरी हेडली राउटलेज पहाटे साडेचारलाच उठतो.
पूर्वी पहिल्या पाळीसाठी,
आता एका गोळीसाठी.
गोळी उपाशीपोटीच द्यायची, टॅन्सीला.
मग तासभर दोघंही काही खात नाहीत.
तिला बंदी आहे. त्याचं आपलं उगाच.

टॅन्सी बेडलिंग्टन टेरियर,
दिसायला मेंढीचं कोकरू, स्वभावाने खाणकामगार.
गेल्या हिवाळ्यात तिने खाणं टाकलं,
डोळ्यांच्या पांढऱ्यात हळद उतरली.
फेनविकबाईंनी सुईने कणभर तुकडा काढला,
काचपट्टीवर रंगवून आणला, म्हणाल्या, बघा.
भिंगाखाली विटकरी ठिपके,
विझत आलेल्या शेगडीत असतात तसे.
तांबं.
इतरांच्या अंगातून पित्तावाटे निघून जातं.
हिच्यात वाटच नाही.

हेडलीला साचणं कळतं.
बापाच्या छातीतला कोळसा कधीच वर आला नाही.
फुप्फुसं कापून बघितली,
तेव्हा कुठे कंपनीने मान्य केलं.

एक गोष्ट मात्र त्याने तिसऱ्या भेटीपर्यंत सांगितली नाही.
दर शुक्रवारी, सात वर्षं,
चौकातल्या खाटकाकडून पाव किलो काळीज,
कोकराचं, लोण्यावर नुसतं परतलेलं.
अर्धं तिला, अर्धं त्याला.
डोरीन गेल्यावर लागलेली खोड.

बाई म्हणाल्या, दोष हिच्या रक्तातला, तुमचा नाही.
काळजाने भर घातली, एवढंच.

एवढंच.

त्याच्या भाषेत यकृत वेगळं, हृदय वेगळं.
माझ्या भाषेत एकटं काळीज दोन्हीकडे राबतं,
म्हणून ते वाक्य मी दोनदा ऐकलं.
तो टोपी हातात फिरवत बसला होता.
त्याने किती वेळा ऐकलं, कोण जाणे.

आता तो सकाळी नळ सोडून ठेवतो,
पाइपात रात्रभर मुरलेलं पाणी वाहून जाऊ देतो,
बोट बुडवून बघतो, जणू बोटाला तांबं कळतं,
मग तिचं भांडं भरतो.
शुक्रवारी फिरायला लांबचा रस्ता.
तरी वारा चौकाकडून आला की
ती थांबते. शेपूट स्थिर, नाक वर.

तो दोरी ओढत नाही.
खिशातला उकडलेला बटाटा चाचपतो,
"चल, पोरी," म्हणतो,
आणि स्वतःच हलत नाही.