अर्धी हाक

बिकिन नदीकाठच्या जंगल-संग्रहालयात
कोट दाराशी काढून ठेवावे लागतात,
बूट चालतात, वरून निळ्या पिशव्या चढवून.
माझ्या वर्गातली एकोणीस मुलं
फसफस पाय ओढत आधी अस्वलाकडे गेली.
त्याच्या नाकाचं टोक झिजून
आतलं प्लास्टर दिसतंय.
त्यात माझंही एक बोट आहे,
चाळीस वर्षांपूर्वीचं.

कस्तुरीमृग. सेबल.
रानडुकराची पाच पिल्लं;
पाचवं कुणीतरी मागाहून आणून दिलेलं,
त्याचे पट्टे जुळत नाहीत.
वाघाच्या जागी वाघ नाही, चौथरा आहे
आणि चिठ्ठी : दुरुस्तीसाठी खाबारोव्स्कला गेला आहे.
चिठ्ठीही आता पिवळी पडली.

तिसऱ्या खोलीत मासेमार घुबड.
काचेआड एल्मची ढोली, रंगवलेला बर्फ,
पंजात लाकडी मासा.
खाली बटण : दाबा, आवाज ऐका.
तिमोफेईनं दाबलं. परत दाबलं.
मग सगळ्यांनी आळीपाळीनं,
घरात कुणी नाही हे माहीत असून
कडी वाजवावी तसं.

अगाफ्या गेओन्का काच पुसत होती.
ते बिघडून जमाना झाला, म्हणाली,
आणि डोळेही चुकलेत.
असे तपकिरी नसतात,
लिंडेनच्या मधासारखे असतात, पिवळे.
त्या वर्षी मिळाले ते बसवले.

मग फडकं खांद्यावर टाकून
तिनं छाती भरून घेतली
आणि एकच सूर काढला, इतका खालचा
की तो आधी काचेला कळला, मग आम्हाला.
थांबली.
आणखी एकदा, तोच.

एवढंच? तिमोफेई म्हणाला.

माझं एवढंच.
आधी नर हाक देतो, मादी मागून.
ती बाजू माझा नवरा करायचा,
होडीत उभं राहून. होडी हलायची.

मुलांच्या हातात मी दिलेले कागद होते :
वजन, पंखांची लांबी, आहार.
तिमोफेईचा आवाज यंदाच फुटतोय.
त्यानं तोंडाशी हात नेले
आणि जे निघालं ते निम्मं बेडकाचं होतं.
मुली हसल्या.

अजून खालून, ती म्हणाली,
आमच्याकडे पाठ करूनच.
बर्फाखालून पाणी जातं ना, तिथून.

बाहेर बसवाला हॉर्न देत होता.
कोट आणायला कुणी गेलं नाही.
तिमोफेईनं डोळे मिटले, पुन्हा हाक दिली.

काचेवर गोल फिरणारा तिचा हात
मध्येच थांबला.