दहापैकी

शनिवारी हे पिशवीतून बाटली काढतात,
तीनशे चाळीसची, पेपरात गुंडाळलेली.
पद्माक्काला सांगितलंय, काढा आहे.
स्टीलच्या पेल्यात रंग कळत नाही,
म्हणून जॅमच्या बाटल्या धुऊन ठेवल्यात.

कडक भाकरी, शेंगाचटणी, दही.
“जांभूळ,” हे म्हणतात.
मला ओल्या सुताचा वास येतो.
दुधाच्या हिशेबाखाली लिहिते: सहा.
चटणीचा घास घेऊन पुन्हा घोट,
सहा खोडून साडेसात.

मागची गोड होती,
पिठल्यापुढे टिकली नाही.
तिला तीन, तेही जावयाने आणली म्हणून.

बेचाळीस वर्षं यांनी अशोक चौकात टॉवेल विणले,
पास-नापास ठरवायचा मुकादम.
आता डोळे मिटून
घोट गालात धरून बसतात,
घाई नाही.
मी पेनाचं टोपण काढून थांबते.