पालथी होडी

अकरा दिवस मी म्हणत होते, कुत्र्याने नेली.
उबेरलिंदाच्या त्या कानतुटक्या कुत्र्याने.
कुंपणावरून तिला चार शब्द सुनावलेही होते,
मग आमचं बोलणं बंद.

दोर हवा होता म्हणून होडीची कड उचलली
तर खाली, ओल्या वाळूत,
करडी.
बसली होती असं म्हणवत नाही. पडून होती,
कोणी हातमोजा विसरून जावा तशी.

नोल्बेर्तोने जाताना होडी पालथी घातली होती.
"पावसाने कुजेल," म्हणाला. खरंच होतं ते.
पहाटेची बोट गाठायची, केयॉनच्या कारखान्यात
दिवसभर सामन माशांची पोटं फाडायची,
खाली कोण शिरलंय ते बघायला वेळ कुणाला.
डांबर लावायची एक फट तेवढी राहून गेली.
तिच्यातून पाऊस ठिबकत होता,
म्हणून जीव राहिला.

उचलली तर हाताला वजनच लागेना.
पिसांत बोटं घातली आणि छातीचं हाड लागलं,
थेट होडीच्या बुडाची मधली धार.
तुरा राखेचा. गळ्यातली पोटळी रिकामी,
चोचीत वाळू.

वाटलं, ओंजळभर मका ओतावा पुढ्यात.
पण आई म्हणायची, उपाशी जिवाला पोटभर वाढणं
म्हणजे मायेने मारणं.
आधी कोमट पाणी, चिमूटभर साखर,
मीठ त्याहून कमी,
थेंब थेंब, चोचीच्या कडेने.
त्याला ड्रॉपर हवा.
आणि या किनाऱ्यावर ड्रॉपर एकाच घरात.

गेले. काय करणार.
कोंबडी शालीत, मी तिच्या दारात.
म्हटलं, "कुत्र्याने नव्हती नेली."
उबेरलिंदाने माझ्याकडे नाही, कोंबडीकडे पाहिलं.
आत गेली. कानाच्या औषधाचा ड्रॉपर
उकळत्या पाण्यातून काढून आणला,
फुंकर घालून माझ्या हातावर ठेवला.
कुत्रा शेपूट हलवत होता. त्याला काय माहीत.

चुलीमागे खोकं, खोक्यात लोकरीच्या चिंध्या.
तासातासाला चार थेंब.
तिसऱ्या रात्री बटाटा कुस्करला, त्यात उकडलेलं पिवळं.
अंडं दुसरीचं. भरवताना मला कसंसंच झालं,
तिला झालं नाही.
चौथ्या दिवसापर्यंत नुसतं हिरवं पाणी.
पाचव्या दिवशी नीट घट्ट गोळी, वर पांढरी टोपी,
आणि मी, बासष्ट वर्षांची बाई,
ती चमच्यावर घेऊन खिडकीच्या उजेडात
हसत उभी.

रविवारी फोन आला.
"सगळं बरं ना?"
"बरं आहे."
"होडी?"
"ठेवलीस तिथेच."
मागे यंत्रांची घरघर. त्याचा आवाज बारीक झालेला.
"जेवतोस ना?"
"जेवतो की."
खोटं बोलायला तो माझ्याकडूनच शिकला.

तीन आठवड्यांनी बाहेर सोडली.
बाकीच्या धावून आल्या, डोक्यावर टोचलं,
जणू मेलेलीने परत येणं शिष्टाचाराला धरून नव्हतं.
दोन दिवस ती माझ्या गमबुटांमध्ये उभी राहिली,
तिसऱ्या दिवशी तिनेच एकीला टोचलं.
बरी झाली, म्हटलं.

अंडं अजून घातलेलं नाही.
उबेरलिंदा रोज कुंपणावरून तेच विचारते.
घालेल, निळं घालेल, आमच्याकडच्या घालतात तसं.
किंवा नाही घालणार. तिची मर्जी.
होडीच्या सावलीत मात्र ती पाय ठेवत नाही,
ओहोटीला सगळ्या शेवाळात चोची मारत असतात
तेव्हाही लांबून वळसा घालून जाते.

आणि मी रोज, अंधार पडायच्या आधी,
होडीच्या बुडावर बोटाच्या पेराने वाजवते,
कान टेकवते.
खाली कोणी नाही हे ठाऊक असतं.
तरी थोडं थांबते.