गळ

उकंडराव वैरागड्यांना टेबलावर घेतलं
तेव्हा दंडावरची जखम तिळाएवढी होती,
बाभळीचा काटा रुतून निघावा तशी.

विहिरीतला खडक फोडताना
घणाखालच्या छिन्नीचा टवका उडाला.
त्यांनी चुना लावला, फडकं बांधलं,
दिवस बुडेपर्यंत काम केलं.
दंडाच्या फोटोत लोखंड नव्हतंच.
सापडलं ते छातीत,
हृदय ओलांडून फुप्फुसाच्या वाटेवर.
रक्तानं ते तिथवर नेलं होतं
कुणाला न विचारता.

चिरायचं नाही, डॉक्टर खडतकर म्हणाल्या,
जांघेतून जाऊ. भूल तेवढ्याच जागेची.
मी पडदा उकंडरावांकडे वळवला.

करड्या पडद्यावर बरगड्यांची खाट,
तिच्याखाली नखाच्या कोरीएवढं काही
ठोक्यागणिक डुलत होतं.
खालून तार चढत आली,
टोकाला एक बारीक फास.

"हा त गळ होय!"

आर्णीच्या अलीकडल्या आठ गावांत
विहिरीत पडलेली बादली काढायला
चाळीस वर्षं त्यांनाच बोलावणं येतं.

फास निसटला. पुन्हा निसटला.
मॉनिटरवर दोन ठोके वेडेवाकडे गेले.
शिशाच्या एप्रनखाली माझी पाठ भिजली.

"ओढू नोका, बाई.
पानी हालू द्या. कडी आपोआप उभी राह्यते.
मंग हयूच."

डॉक्टर हसल्या नाहीत.
हात थांबवला.
किती वेळ, मी मोजला नाही.
टवका कुशीवर वळला, एक टोक वर करून,
आणि फास त्याच्या कमरेला बसला.

वाटीत पडला तेव्हा केवढासा आवाज.
तंबाखूच्या डबीत, चुन्याशेजारी
त्यांनी तो ठेवून दिला.

सहा तास पाय सरळ, जांघेवर वाळूची पिशवी,
आणि ते बोलत राहिले:
कोणाचा पोहरा, कोणाची बादली,
एकदा तर कोंबडीसकट टोपलं.
फक्त एक पितळी गुंड निघाला नाही,
बहिणीच्या आंदणातला.
साठ हात दोर सरला, गाळ लागला.
"थे इहीर बुजवली मंग."
नंतर बराच वेळ भिंतीकडे बघत होते.

महिन्यानं तपासणीला आले
पायलीभर ज्वारी घेऊन.
बादलीमागं हाच दर हाये, म्हणाले.
डॉक्टर नको नको म्हणत राहिल्या,
पायली तशीच पुढं धरलेली.
पिशवी कुणाकडेच नव्हती.
शेवटी त्यांनी पांढऱ्या कोटाचा ओचा केला.