हात

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
फोंडू मास्तर उभे राहायचे
मिरच्यांच्या पोत्यांपाशी, हातात एक कागद.
सभा घेण्याचा हक्क, वाचायचे, बोलण्याचा हक्क.
तिसऱ्या ओळीला काठी यायची.

आदल्या संध्याकाळी माझ्याकडे दाढीला.
म्हणायचे, मार खायचा तर
नीटनेटकं दिसावं माणसानं.
पुढच्या खेपेचे पैसेही ठेवून जायचे,
उद्याचं सांगता येत नाही म्हणून.

त्यांचा जबडा मोडला, त्याच्या तिसऱ्या दिवशी
काब येऊन बसला त्याच खुर्चीत,
मान मागे टाकून, डोळे मिटून.
पात्याखाली शीर उडत होती त्याची.
मी पाणी बदललं. उगाच.
वस्तरा पुन्हा पट्ट्यावर फिरवला.
मग दाढी केली,
हनुवटीखाली तुरटीसुद्धा लावली.
'ओब्रिगादु' म्हणाला तो.
त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आग्वादहून साडेचार वर्षांनी सुटले मास्तर.
डावा गाल आत गेलेला, दातच नव्हते तिथं.
तोंडात बोट घालून आतून फुगवला,
तेव्हा कुठं वस्तरा टेकला.
मी सांगून टाकलं काबचं:
शीर, पाणी, आणि मनात आलेलं ते.

आरशातून बघत राहिले बराच वेळ.
बोट तोंडात असतानाच काहीतरी बोलले.
'हात हलका', असं असावं.
किंवा 'हात हलला?'

पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.
उजवा गाल बाकी होता,
तो केला.