कोठीतल्या चौघी

मक्याची कोठी त्या वर्षी रिकामीच होती,
उंदरांनीसुद्धा घर बदललं होतं.
म्हणून ती भाड्यानं दिली चार मुलींना:
एनिफा, झेलिफा, मॉडेस्टा, त्सालानी.
माध्यमिक शाळेचं छप्पर माझ्या दारातून दिसतं.
त्यांच्या गावांतून सरोवर दिसतं फक्त,
आणि शाळा पाच तासांच्या पायवाटेवर.

डोक्यावर पिठाची पोती, काखेत चटया.
कुलूप एक, किल्ली एक.
पहिल्याच आठवड्यात किल्लीवरून जुंपली,
तेव्हा मी म्हटलं, आणा इकडे.
ती माझ्या गळ्यात आली
आणि मी त्यांची अगोगो झाले,
म्हणजे आजी; भाडं मात्र मी सोडलं नाही.

जीवशास्त्राचं पुस्तक चौघींत एकच.
ते त्यांनी फाडलं.
कणा उसवून चार वाटे केले,
किनाऱ्यावर जाळं रिकामं करून करतात तसे:
एनिफाला पेशी आणि पानं,
झेलिफाला पचन,
मॉडेस्टाला हृदय आणि रक्त,
त्सालानीला हाडं, नि शेवटची दोन कोरी पानं.
रात्री एकीनं आपला वाटा मोठ्यानं म्हणायचा,
आधी इंग्रजीत, मग आपल्या बोलीत.
तिघींनी ऐकायचं.
भिंत मातीची, त्यामुळे तिघींनी आणि मी.

मी पाचवीपर्यंत गेले होते.
भावाला पाठीवर बांधून वर्गात बसायचे;
एक दिवस तो रडला
आणि बाईंनी आम्हा दोघांना दार दाखवलं.

फेब्रुवारीत झेलिफाचं पोतं तळाला लागलं.
घरून दुसरं आलं नाही, निरोप आला.
गेली ती पचनाचा धडा घेऊन,
दोन दिवसांची उपाशी पोर.
एनिफा सकाळी परसात ओकायला लागली.
मी काही विचारलं नाही,
विचारायला हवं होतं.
मॉडेस्टाला फीच्या पावतीसाठी
तीनदा वर्गाबाहेर उभं केलं.
चौथ्यांदा ती गेलीच नाही,
मामाच्या दुकानात काम करून पैसे आणते म्हणाली.
चटई इथेच ठेवते, म्हणाली.

आमच्याकडे जाणारा म्हणतो, त्सालानी ब्विनो,
नीट राहा.
तिघींनीही तेच म्हटलं,
आणि दर वेळी ती पोर दचकली,
कुणी नावानं हाक मारून
काहीतरी सोपवून गेल्यासारखी.

परीक्षेच्या आदल्या रात्री आली.
मी सुक्या मासळीतली वाळू झटकत होते.
अगोगो, तुला हृदयातलं काही आठवतं?
बोटांना खवले चिकटलेले. मी म्हणत गेले:
कप्पे चार. वरचे दोन, खालचे दोन.
मध्ये झडपा, एकाच बाजूला उघडणाऱ्या,
गेलेलं रक्त मागे फिरू देत नाहीत.
एवढ्यावर मी अडले.
मग पचन म्हटलं, लाळेपासून.
पेशींतलं अर्धं विसरले होते,
तिनं ते ओढून काढलं माझ्यातून.
कोरी पानं दोन्ही भरली,
उरलेलं तिनं मांडीवर लिहिलं.

नंतर मोटारसायकलवरून एक साहेब आला,
गुडघ्यावर फॉर्म.
विद्यार्थिनी किती?
चार, मी म्हटलं.
दिसते तर एकच.
चटया दोन आहेत, मी म्हटलं.
त्यानं एक लिहिलं.
तुमचं शिक्षण?
पाचवी. आणि फॉर्म वनचं जीवशास्त्र, कानानं.
तो हसला, मनापासून हसला,
आणि पाचवी लिहिलं.

मॉडेस्टाची चटई मी अधूनमधून उन्हात घालते.
काल झटकताना तिच्यातून पान पडलं,
हृदयाची आकृती, निळ्या शाईचे बाण.
मला वाचता येत नाही ते सगळं,
पण बाण कुठून कुठे जातात ते कळतं.
त्सालानीला द्यावं का? तिचा पेपर तर झाला.
परत चटईत घातलं, गुंडाळलं,
कुलूप लावलं.